फसफसणारं औषध आणि दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस

माझ्या सासूबाई वाशीमहून आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत चार साड्या, बीपीच्या गोळ्या आणि घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा होता. साड्या कपाटात गेल्या, गोळ्या फ्रिजवर गेल्या आणि डबा ओट्यावर गॅसच्या उजव्या हाताला असा जाऊन बसला, जणू बिल्डरने ती जागा त्याच्यासाठीच सोडली होती.

डब्यात मातकट रंगाची पूड. ती छोटा चमचाभर ग्लासात टाकायची, वर गार पाणी ओतायचं आणि मग अर्धं लिंबू पिळायचं. पिळलं रे पिळलं की फस्सकन फेस उसळतो आणि ग्लासाच्या काठावर चढतो. तो खाली बसायच्या आत पिऊन टाकायचं. फेस बसला की औषध मेलं, असं आईंचं म्हणणं. करपट ढेकर, पोटातला वारा, डोकेदुखी, धरलेली पाठ, जेवण न जाणं, जेवण जास्त जाणं, सगळ्यांवर एकच ग्लास. पंधरा दिवसांत आमच्या इमारतीतले निम्मे लोक तो पिऊन गेले. वॉचमन दशरथ तर लिफ्ट बंद आहे हे सांगायला सहा मजले चढून यायचा आणि ढेकर देत उतरायचा.

“आई, यात काय काय असतं हो?” मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

“सांगत नसतात. सांगितलं का औषधाचा गुण जाते.”

“असं कसं? आपण असलं मानतो का?” मी हॉलमधल्या भिंतीकडे बोट केलं. तिथे तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो शेजारी शेजारी आहे आणि रोज सकाळी त्यांच्यासमोर मेणबत्ती लावून वंदना म्हणणाऱ्या त्याच आहेत. “स्वतः तपासल्याशिवाय काही मानायचं नाही, हे तुम्हीच शिकवता ना रेवतीला?”

“मग तपास नं. कोण नाही म्हणते?” त्यांनी ग्लास पुढे केला. “पिऊन पाह्य.”

नवऱ्याकडे, म्हणजे केतनकडे पाहिलं तर तो मोबाईलमध्ये डोकं घालून म्हणाला, “अगं ती अंधश्रद्धा नाहीये. ट्रेड सिक्रेट आहे.”

आता माझी अडचण समजून घ्या. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं आहे. रेवती व्हायच्या आधी मी अंधेरीला खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत होते. सॉसमध्ये रंग किती, लोणच्यात मीठ किती, हेच माझं काम. पुड्यावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मी बिस्किटसुद्धा घरात घेत नाही. आणि माझ्याच ओट्यावर असा डबा, ज्यावर काहीच लिहिलेलं नाही! मी एकदा चिमूटभर पूड चोरून जिभेवर ठेवली. ओवा कळला, काळं मीठ कळलं. लिंबू पडल्यावर फसफसतं म्हणजे खायचा सोडा आहे, हे कळायला बी.एस्सी. लागत नाही. पण किती? आणि बाकीचं काय? मोठ्या माणसांनी काय हवं ते प्यावं. माझी रेवती साडेचार वर्षांची आहे. तिच्या पोटात गेलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद माझ्या डोक्यात असते, आणि डोक्यात मावली नाही तर वहीत असते.

हे सगळं इतकं टोकाला यायचं कारण म्हणजे माझी नोकरी. त्याच प्रयोगशाळेने मला परत बोलावलं होतं. येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. पाळणाघरं मी तीन पाहिली. एकात खिडकीला जाळी नव्हती, दुसऱ्यात बाई सारखी शिंकत होती, तिसऱ्यात सगळं इतकं छान होतं की मला संशय आला. म्हणून आईंना बोलावलं. त्यांच्यापाशी रेवतीला निर्धास्त सोडता आलं तर मी जाणार. नाही आलं तर नोकरी गेली, ती बहुधा कायमची. इतका साधा हिशेब होता, आणि मध्ये तो डबा.

“ट्रायल घेऊन बघ ना,” केतन म्हणाला. “आठवडाभर आधीच बाहेर पडायला लाग.”

तो बिचारा सहज बोलला. मी मात्र खरोखर घेतली.

आईंना सांगितलं की आठवडाभर ट्रेनिंग आहे, दहाला निघायचं, सहाला परत. ओट्यासमोर फ्रिजवर कॅमेरा बसवला. तो त्यांना माहीत होता. ‘गॅस चुकून चालू राहिला तर कळावं म्हणून,’ असं मी सांगितलं होतं आणि ते निम्मं खरं होतं. कॅमेऱ्याचा आवाज केतनने सेटिंग करताना कुठेतरी बंद केला तो पुन्हा कुणालाच सुरू करता आला नाही. आणि दिसायचा फक्त ओटा, सिंक आणि खालच्या फरशीची एक पट्टी.

ट्रेनिंग तर नव्हतंच. मग सोमवारी पर्स, डबा, पाण्याची बाटली घेऊन, रेवतीला टाटा करून मी निघाले ती लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर उतरले आणि बर्था आंटीची बेल वाजवली.

बर्था आंटी इथली मूळची. कांदरपाड्यात जिथे आता आमची इमारत उभी आहे, तिथेच त्यांचं जुनं कौलारू घर होतं. त्या बदल्यात त्यांना दुसऱ्या मजल्यावर दोन फ्लॅट मिळाले. मुलगा ग्लेनरॉय कॅनडात, त्यामुळे त्यांना दिवसभर बोलायला माणूस हवंच असतं. मी त्यांच्या डायनिंग टेबलावर मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला.

“हे काय गो बाय? मॅच हाय का?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढून माझ्याशेजारी घेतली.

“तुझी सासू काय ते पावडरचं देते ना, ते मी पन प्यायले. चांगलं हाय. पन विझतं. एक मिनिट फसफस, खलास.” त्यांनी खिडकीकडे हनुवटी उडवली. तिथे आल्याचे तुकडे, साखर आणि मनुका घातलेल्या पाण्याच्या तीन बाटल्या उन्हात बसल्या होत्या. “माझं बघ. तीन दिवस जिवंत असतं. गुडघ्याला, पाळीच्या दुखण्याला, सगळ्याला. आनि मी कुनापासून काय लपवत नाय. आलं, साखर, मनुका, पानी. लिहून घे.”

मी लिहून घेतलं. माझी वही उघडीच होती.

सोमवारची नोंद अशी: १०.०५, रेवती पोट धरून दारात. (हे मी लिफ्ट बंद होताना पाहिलं होतं. “मम्मी, पोट दुखतंय,” असं ती म्हणाली, आणि माझा पाय लिफ्टच्या दारात अडकल्यासारखा झाला.) ११.३०, मऊ भात. ३.००, आई ओट्याशी. डबा उघडला. चमचा. पाणी. लिंबू. फेस.

आणि मग माझ्या डोळ्यांदेखत रेवतीने दोन्ही हातांनी तो ग्लास घेतला आणि जपून पावलं टाकत चौकटीबाहेर नेला. मिनिटभराने ग्लास रिकामा परत आला.

“प्याली!” मी उभी राहिले.

“बस गो,” आंटी म्हणाल्या. “एक ग्लास. मरत नाय कोन.”

मंगळवारी तेच. सकाळी पोट, तीनला ग्लास. बुधवारी तेच, फक्त ग्लास मोठा. संध्याकाळी सहाला मी घरी जायची, रेवतीचं पोट दाबून पाहायची, जीभ पाहायची, ताप पाहायची. सगळं ठीक. उलट ती जास्तच खुशीत. “आज काय केलं बाळा?” विचारलं की आजीकडे बघून खुदकन हसायची आणि म्हणायची, “सांगितलं की गुण जातो.”

म्हणजे पोरगीसुद्धा फितली होती.

“आई, रेवतीच्या पोटात दुखतं का हो दुपारी?” बुधवारी मी भाजी निवडता निवडता, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“नाही तं.”

“तिला ते तुमचं चूर्ण देऊ नका हं. लहान आहे ती.”

“हो,” आई म्हणाल्या. नुसतंच ‘हो’. माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “ट्रेनिंग कसं चालू आहे?”

“छान.”

“काय शिकवतात?”

“निरीक्षण,” मी म्हणाले. अगदीच खोटं नव्हतं.

गुरुवारी बुधवारसारखाच मोठा ग्लास गेला आणि माझा निर्णय जवळजवळ झाला. जी बाई तोंडावर ‘हो’ म्हणते आणि दुसऱ्या दिवशी तीनच्या ठोक्याला परत ग्लास भरते, तिच्यापाशी पोर ठेवायची कशी? शुक्रवारी सकाळी मी प्रयोगशाळेला पाठवायचा मेल लिहून ठेवला. ‘घरगुती कारणामुळे येणे शक्य नाही.’ आंटींनी चष्मा लावून तो वाचला.

“मस्त लिहिलंस. पाठवू नको.”

“का?”

“सासूला विचार आधी.”

“विचारलं होतं, आंटी. सांगत नाहीत. गुण जातो म्हणे.”

“मग भांड. भांडायला काय जातं? मी माझ्या सासूशी तेवीस वर्षं भांडले. ती गेली तेव्हा सगळ्यात जास्त मीच रडले.”

मी मेल तसाच ठेवला. जेवायचा डबाही तसाच ठेवला. तीन वाजले. स्क्रीनवर आई आल्या. डबा, चमचा, पाणी. लिंबू मात्र पिळलं नाही, नुसतं कापून ठेवलं. मग त्या चौकटीतून खाली गेल्या. फरशीवर बसल्या असाव्यात.

आणि थोड्या वेळाने स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात पाय दिसले. त्यांचे. टाचा फरशीला, बोटं छताकडे.

“झोपल्या वाटतं,” मी म्हणाले.

“ओट्यापाशी?” आंटी म्हणाल्या.

पाय हलेनात. रेवती पळत चौकटीत आली, पळत गेली. स्टुलावर चढली, लिंबू दोन्ही मुठींत धरून ग्लासात पिळलं, फेस तिच्या मनगटावर सांडला. ग्लास घेऊन खाली गेली. पाय हलले नाहीत. मला एकदम त्या बीपीच्या गोळ्या आठवल्या. छातीत कळ आली की माणसं गॅस झाला म्हणून सोडा पितात, हे मी किती ठिकाणी वाचलं आहे! मग रेवती पलंगावरची चादर ओढत ओढत घेऊन आली आणि तिने ती चादर, नीट, दोन्ही बाजूंनी सारखी करून, आजीच्या पायांवरून घातली. अंगठ्यांसकट.

त्यानंतर मी काय केलं ते मला आठवत नाही. आंटी सांगतात की मी खुर्ची पाडली. लिफ्ट नवव्या मजल्यावर होती. मी चार मजले जिन्याने चढले, अनवाणी, आणि मुठीत कशाबशा आलेल्या जुडग्यातली चुकीची किल्ली माझ्याच घराच्या कुलपात दोनदा घातली.

आई स्वयंपाकघरात चटईवर उताण्या पडल्या होत्या. हनुवटीपर्यंत चादर. कपाळावर रेवतीचा गुलाबी हेअरबँड. रेवती त्यांच्या छातीवर आमटीचा डाव टेकवून, त्याच्या दांड्याला कान लावून बसली होती.

“आई!” मी किंचाळले.

“श्श!” रेवतीने ओठांवर बोट ठेवलं. “पेशंटला आत्ताच डोळा लागलाय.”

पेशंटने एक डोळा उघडला. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“काऊन गं? ऑफिसले आग लागली का?”

मी त्यांचा हात धरला, नाडी पाहिली. घोड्यासारखी चालू होती. “तुम्हाला... तुम्हाला बरं आहे ना?”

“मले काय झालं? मले आज अपेंडिक्स आहे.” त्या उठून बसल्या. “तू इतक्या लवकर कशी?”

“लवकर सोडलं आज.”

“अनवाणी?”

मी माझ्या पायांकडे पाहिलं. तेवढ्यात उघड्या दारातून बर्था आंटी आत आल्या, धापा टाकत. एका हातात माझ्या चपला, दुसऱ्या हातात माझा जेवणाचा डबा, काखेत पर्स, आणि हनुवटीखाली दाबून धरलेला माझा मोबाईल.

“अगो बाय, सगळं टाकून पळालीस! हाय ना जिवंत? थँक गॉड! मी सांगते द्रौपदीबाई, पाच दिवस ही पोर माझ्याकडे बसून...”

आणि मग त्या थांबल्या. पण त्यांच्या हातातली प्रत्येक वस्तू पुढचं बोलत होती.

“पाच दिवस?” आई म्हणाल्या.

आईंनी हात पुढे करून मोबाईल घेतला. त्यात आमचं स्वयंपाकघर होतं, आणि त्यात अगदी बारीक मी आणि आंटी, आणि हेअरबँड लावलेल्या आईंचं अर्धं डोकं.

“यात मी जाडी दिसते,” त्या म्हणाल्या. हेअरबँड काढून त्यांनी रेवतीच्या हातात दिला. मग चादरीची घडी घालू लागल्या. घडी घालतानाच बोलल्या, माझ्याकडे न बघता. “सव्वीस वर्षं अंगणवाडी चालवली मी. एका वेळेला चाळीस लेकरं. चाळीस आया होत्या त्यांच्या. शेतात जात होत्या खुरपायले. एकही कधी बाभळीवर चढून आतमध्ये काय चाललं ते पाहत बसली नाही.”

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी राग निवडला. “तुम्ही ‘हो’ म्हणालात, आणि परत तिला ग्लास दिलात! मी पाहिलंय. रोज तीनला. सोडा आहे त्यात. ती साडेचार वर्षांची आहे, आई!”

“तिले दिला?” आता त्या वळल्या. “कोणी पाहिलं? ती पिली, हे पाहिलं?”

“ग्लास घेऊन गेली, रिकामा आणला...”

“मी पिले!” आईंनी स्वतःच्या छातीवर थाप मारली. “पाच दिवसांत पाच ग्लास! आता माह्या पोटात वारा नाही, वादळ नाही, काहीच उरलं नाही. लहान लेकराले सोडा देत नसतात, हे मले तू सांगतं? हगवण लागली तर मीठ-साखरेचं पाणी, नाहीतर भाताची पेज. मले ट्रेनिंग होतं. खरंखुरं.”

बर्था आंटींनी डबा हळूच ओट्यावर ठेवला आणि खुर्चीवर बसल्या. जायचं नाव नव्हतं.

“मग ती रोज सकाळी पोट का धरते?” मी विचारलं.

“आई बाहेर पडली का लेकराचं पोट दुखतेच. नवी अंगणवाडी उघडली का पहिल्या आठवड्यात चाळीसच्या चाळीस पोटं दुखतात. त्याले औषध नसते लागत, काम लागते. सोमवारी हे रडून रडून लाल झालं. म्हटलं, बाई, माहं पण पोट दुखून राह्यलं, मले कोण औषध देईन? झालं. तवापासून हे डॉक्टर नं मी पेशंट. मंगळवारी मले कावीळ होती. बुधवारी पाय मोडला.”

“गुरुवारी बाळ झालं,” रेवती म्हणाली.

“हो. गुरुवारी बाळ झालं.”

बर्था आंटी इतक्या जोरात हसल्या की त्यांना ठसका लागला. मी हसले नाही. मला त्या क्षणी खूप गोष्टी एकदम कळत होत्या, आणि त्यातली सगळ्यात जास्त लागणारी ही की पाच दिवस मी माझ्या मुलीचं पोट मोजत होते आणि ते कशाने दुखतंय हे एकदाही विचारलं नव्हतं.

“बुधवारी मी विचारलं तेव्हा हे सांगायचं ना, आई.”

“तू ट्रेनिंगचं सांगितलं का खरं?”

“आणि डब्यातलं तरी सांगायचं. मला नुसतं कळलं असतं की...”

“लिंबू तं तू पाहिलंच,” आई मला मध्येच तोडत म्हणाल्या. “काळं मीठ. ओवा नं जिरं, दोन्ही भाजून. सुंठ. नं दहा चमच्यांमागं एक चमचा खायचा सोडा. बाप्पा, झालं? सांगितलं. वीस वर्षांत केतनच्या बापाले नाही सांगितलं. गेला आता गुण.”

आणि खरंच कुणीतरी गेल्यासारख्या त्या उभ्या राहिल्या, रित्या ग्लासाकडे बघत. मग अचानक त्यांचा चेहरा आक्रसला, मान मागे गेली, आणि त्यांनी असा एक ढेकर दिला की वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली.

रेवतीने डाव त्यांच्या पोटाला लावून ऐकलं. “आहे गुण,” ती म्हणाली.

आता मात्र आईंनासुद्धा हसू आवरेना. पण माझ्याकडे वळल्या तेव्हा चेहरा परत सरळ होता.

“आता काय करतं तू? सोमवारचं?”

मी खाली बघितलं. “मेल लिहिलाय. नाही येत म्हणून.”

“पाठवला?”

“नाही.”

“पाठव खुशाल. पण माह्या नावावर पाठवू नको. ‘सासू बरोबर नाही’ असं लिहिशील तं मी जाते आजच्या गाडीनं. ‘मले घराबाहेर पाय टाकायची भीती वाटते’ असं लिही. ते खरं आहे.”

ते खरं होतं. मला कुणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं.

आईंनी घड्याळ पाहिलं. “साडेतीन. ऑफिस किती वाजता सुटते तुहं?”

“सहाला.”

“मग इथं काय करतं? जा.” त्यांनी ओट्यावरचा डबा आणि पर्स माझ्या हातात दिली, चपला पायांपुढे सरकवल्या. “दुसऱ्या मजल्यावर नाही. बाहेर. गेटच्या बाहेर. नं सहाच्या आत आलीस तं दार उघडत नाही मी. हा फोन इथंच राहीन.”

“आई, फोन तरी...”

“जा गो,” बर्था आंटी म्हणाल्या. “मी हाय हितं. मी बघते.”

“तुम्हीसुद्धा खाली जा,” आई त्यांना म्हणाल्या. मग जरा विचार करून, “नाहीतर बसा. डॉक्टरले नर्स लागते.”

दार बंद झालं. रेवतीने पोट धरलं का, हे पाहायलाही वेळ मिळाला नाही.

पहिला अर्धा तास फार वाईट गेला. फोन नाही, हातात घड्याळ नाही. मी नदीवरच्या पुलापर्यंत चालत गेले आणि वाटेत तीन भाजीवाल्यांना वेळ विचारली. तिसरी म्हणाली, “बाई, गाडी आहे का तुमची? मघाशीच गेली असेल मग.” उद्यानात एका बाकावर बसून मी डबा उघडला. आईंनी दिलेली मेथीची भाजी, दोन भाकऱ्या, कांदा. खाता खाता मला एकदम जाणवलं की मी सगळा घास स्वतःच्याच तोंडात घालते आहे. मध्ये कुणी भरवायचं नाही, कुणाचं उष्टं संपवायचं नाही, तरी आपला हात सवयीने बाजूला वळतो आहे आणि परत येतो आहे. भाकरी गार होती. मी दोन्ही खाल्ल्या.

मग स्टेशनजवळच्या बाजारात शिरले. काही घ्यायचं नव्हतं. पण ‘काय दाखवू ताई, ऑफिसवेअर?’ असं दुकानदाराने विचारलं, आणि मी ‘हो’ म्हणाले. पहिला कुर्ता दंडात घट्ट. दुसरा बरा होता. तिसरा घालून मी आरशासमोर उभी राहिले, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, खिसा आहे का पाहिला, ॲप्रनखाली बाह्या दुमडतील का पाहिलं. शिवण उसवतेय का हे ओढून पाहिलं, कारण शेवटी मी मीच. दुकानात बाहेर उजेड कमी झालेला कळत नाही. पैसे देताना भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं तर सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी, जिने साडेचार वर्षांत रेवतीकडे पोचायला दहा मिनिटंही उशीर केला नव्हता!

रिक्षा मिळेना, मी पळतच निघाले. गेटपाशी पोचले तर वर, सहाव्या मजल्याच्या गॅलरीत आई उभ्या होत्या. कपाळावर हात धरून रस्ता न्याहाळत. शेजारी बर्था आंटी. दोघींनी मला एकदमच पाहिलं आणि दोघी एकदमच आत पळाल्या, आपण पाहिलंच नाही असं दाखवायला.

मी बेल वाजवायच्या आतच दार उघडलं गेलं.

“सहा म्हटलं होतं मी,” आई म्हणाल्या. “साडेसहा झाले. फोन पण नाही तुह्याजवळ. इथं रस्त्यावर त्या गाड्या कशा पळतात! माह्या जिवाचं पाणी झालं, मी सांगते.”

“यांनी मला तीनदा खाली पाठवलं गेटपर्यंत,” आंटी म्हणाल्या. “तीनदा! माझ्या गुडघ्यांसकट.”

“सॉरी, आई.” मी पिशवीतून कुर्ता काढून दाखवला. “हा बघत होते. सोमवारसाठी.”

आईंनी तो हातात घेतला. उलटा केला. शिवण ओढून पाहिली. “बरा आहे,” त्या म्हणाल्या. मग माझा मोबाईल माझ्यापुढे धरला. “तुहा तो मेल. मले उघडता येत नाही. तूच काय ते कर.”

मी मेल उघडला. एकदा वाचला आणि पुसून टाकला. आई बघत नव्हत्या, पण बर्था आंटींनी मान वेळावून पाहिलं आणि आईंना कोपर मारलं.

रेवती अजून आली नव्हती. आतल्या खोलीत होती. मी दारातून डोकावले, तर तिने पलंगावर सगळी खेळणी एका ओळीत झोपवून प्रत्येकावर एकेक रुमाल घातला होता. मी जवळ जाऊन बसले. पोटाला हात लावणार होते, मग नाही लावला.

“रेवती, मी सोमवारपासून रोज जाणार. खरंखुरं. चालेल ना तुला?”

तिचा ओठ थोडा थरथरला. मग तिने हत्तीवरचा रुमाल सारखा केला.

“सोमवारी आजीचं ऑपरेशन आहे,” ती म्हणाली. “मोठं आहे. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं.”